हौशी रेडिओवरील ईमेल : जोडणीतील दोषनिवारण

हौशी रेडिओवरील ईमेल म्हणजे मोबाइल व इंटरनेटचे स्थानिक जाळे बंद असतानाही परवानाधारक हौशी केंद्रावरून रेडिओलहरींच्या साहाय्याने ईमेल पाठविण्याची व मिळविण्याची पद्धती होय. यासाठी जगभर मुख्यतः ‘विनलिंक’ ही स्वयंसेवकांनी चालविलेली प्रणाली वापरतात. ही जोडणी अनेक दुव्यांची साखळी असल्यामुळे दोष शोधताना जवळच्या दुव्यापासून दूरच्या दुव्याकडे जाणे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलणे, हे दोषनिवारणाचे मुख्य सूत्र आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेस वारणा नदी असून दक्षिण भागातून पंचगंगा वाहते. २००५, २०१९ आणि २०२१ साली या भागाने महापूर अनुभवले. ऑगस्ट २०१९ मध्ये पुलाची शिरोली येथे पुणे–बंगळूर महामार्गावर पाणी आल्याने वाहतूक काही दिवस बंद होती. अशा वेळी औषधांची यादी किंवा स्थलांतरितांची नावे तोंडी सांगताना चुका होऊ शकतात. ईमेलमध्ये मजकूर जसाच्या तसा पोहोचतो.

भारतात हौशी केंद्राचा परवाना दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा देते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार देशादेशांतील हौशी संदेशांचा अर्थ लपविण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही. त्यामुळे हे संदेश खासगी समजू नयेत.

संदेशाचा मार्ग

संगणकातील मजकूर मोडेम किंवा साउंड कार्डाद्वारे ध्वनिसंकेतांत बदलतो, ट्रान्सीव्हर व अँटेनातून प्रक्षेपित होतो आणि पूरक्षेत्राबाहेरील गेटवे केंद्र तो इंटरनेटवर सोपविते. जवळच्या अंतरासाठी व्हीएचएफ पट्ट्यावर सेकंदाला १२०० बिट वेगाचे ‘पॅकेट’ वापरतात. दूरच्या अंतरासाठी लघुलहरींवर ‘पॅक्टर’, ‘आर्डॉप’ किंवा ‘वारा’ या पद्धती वापरतात. पॅक्टरसाठी सामान्यतः स्वतंत्र मोडेम लागतो. उरलेल्या दोन पद्धती साउंड कार्डावर चालतात. दोन्ही टोकांची पद्धत एकच असल्याशिवाय जोडणी होत नाही.

दोषनिवारणाचा क्रम

१. खाते : इंटरनेट उपलब्ध असताना ‘टेलनेट’ मार्गाने एक पत्र पाठवून पाहावे. ते गेल्यास कॉलसाइन, पासवर्ड व आज्ञावली योग्य आहेत, असे समजावे आणि दोष रेडिओच्या बाजूस शोधावा. ते न गेल्यास अँटेनाला हात लावण्याचे कारण नाही.

२. संगणक व रेडिओ : प्रक्षेपण सुरूच होत नसेल, तर पोर्टचा क्रमांक, त्याचा वेग आणि केबल तपासावी. सिंगल साइडबँडवर प्रक्षेपण सुरू होऊनही शक्ती दिसत नसेल, तर चुकीचे साउंड कार्ड निवडलेले असण्याचा संभव असतो. संगणकाच्या अद्ययावतीकरणानंतर ही निवड बदलू शकते.

३. ध्वनिपातळी : ध्वनी अधिक दिल्यास शक्तिमापक पूर्ण शक्ती दाखवितो, परंतु संकेत विकृत होऊन पलीकडील केंद्रास तो उलगडत नाही. एएलसीचा काटा जेमतेम हलेल इतकीच पातळी ठेवावी. येथे शक्ती वाढविणे हा उपाय नसून पातळी कमी करणे हा उपाय आहे.

४. वीज व लहरींचा शिरकाव : प्रक्षेपणाच्या क्षणी संच बंद पडत असेल, तर बॅटरीचे व्होल्टेज उतरत आहे का, ते पाहावे. त्याच क्षणी यूएसबी जोडणी तुटत असेल, तर केबलवर फेराइटची कडी बसवावी आणि अँटेना संगणकापासून दूर न्यावी.

५. वारंवारता : विनलिंकच्या यादीत लघुलहरी केंद्रांची मध्यवारंवारता दिलेली असते, डायलवर तिच्यापेक्षा १.५ किलोहर्ट्झ कमी वारंवारता ठेवावी लागते. उदाहरणार्थ, यादीत १४,१०५ असल्यास डायलवर १४,१०३.५ किलोहर्ट्झ लावावे. साइडबँड वरचाच असावा.

६. लहरींचा प्रवास : ७ मेगाहर्ट्झचा पट्टा दिवसा सामान्यतः काही शे किलोमीटरपर्यंत उपयोगी पडतो; दूरच्या केंद्रांसाठी दिवसा १४ मेगाहर्ट्झ वापरून पाहावा. व्हीएचएफ लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. त्यामुळे आळते येथील रामलिंग किंवा कुंभोजजवळील बाहुबली डोंगराच्या आडोशाला असलेले केंद्र जवळ असूनही ऐकू न येण्याची शक्यता असते.

७. गोंगाट : आपला संकेत पलीकडे पोहोचतो, पण तिकडचे उत्तर इकडे उलगडत नाही, असे घडल्यास दोष बहुधा आपल्याकडील विद्युत गोंगाटात असतो. इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या शहरात मोटारी, एलईडी दिवे व चार्जर एकेक बंद करून त्याचा उगम शोधावा.

८. जोडणी होऊनही पत्र न येणे : अनोळखी पत्त्यांवरून आलेली पत्रे विनलिंक अडविते. स्वतः त्या पत्त्यावर आधी पत्र पाठविल्यास तो स्वीकारार्ह यादीत जातो. संदेशाची कमाल मर्यादा सामान्यतः १२० किलोबाइट असते; छायाचित्रांऐवजी साधा मजकूर पाठविणे श्रेयस्कर.

पूर्वतयारी

गेटवे केंद्र मिळत नसल्यास विनलिंकमध्ये दोन केंद्रे इंटरनेटविना थेट एकमेकांना पत्र देऊ शकतात. मात्र त्यासाठी वेळ व वारंवारता आधी ठरवावी लागते. कोणत्या वेळी, कोणत्या पट्ट्यावर, कोणते केंद्र लागले याची नोंद पावसाळ्यापूर्वीच्या सरावात ठेवल्यास पुराच्या वेळी वरीलपैकी पहिले पाच दोष आधीच वगळता येतात आणि शोध केवळ लहरींच्या प्रवासापुरता व गोंगाटापुरता उरतो.