आठ जणांचा मंच, दहाचा ठोका

फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या ऑर्केस्ट्रा बारबद्दल एक निकाल दिला. पोलिसांच्या परवान्यात अट होती की मंचावर जास्तीत जास्त आठ कलाकार असावेत, त्यांत चार स्त्रिया आणि चार पुरुष. स्त्री-पुरुषांची ही वाटणी न्यायालयाने रद्द केली. आठची मर्यादा मात्र राहिली. निकालाची चर्चा झाली ती स्त्रियांच्या रोजगाराच्या हक्कावर, आणि ती व्हायलाच हवी होती. वादकांच्या बाजूने त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. गायक-गायिकांनी चार-पाच जागा घेतल्या की उरलेल्या तीन-चार जागांत कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि फार तर एक गिटार बसते. सॅक्सोफोन, ट्रंपेट, व्हायोलिन यांना तिथे जागाच नाही. लोकांना ही वाद्यं ऐकायची आहेत का, हा प्रश्न तिथपर्यंत पोचतच नाही.

‘हल्ली लोकांना प्रत्यक्ष वाजवलेलं संगीत नको असतं, सगळं मोबाइलवर मिळतं,’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते खरंच वाटायला लागतं. मला ते अर्धवट वाटतं. हॉटेल, क्लब, हॉल, मंडप या ठिकाणी वाजणारं संगीत आपल्याकडे स्वतःच्या नावावर क्वचितच विकलं गेलं. ते दारूबरोबर, जेवणाबरोबर, नाचाबरोबर, लग्नाबरोबर, उत्सवाबरोबर विकलं गेलं. म्हणून त्याची मागणी कमी-जास्त होते ती या जोडधंद्यांच्या नशिबाने आणि सरकारी नियमांनी. मुंबईचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

1935 मध्ये लिऑन ॲबी हा अमेरिकी कृष्णवर्णीय संगीतकार आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. या पाहुण्यांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवलेली असायची, त्यामुळे कागद समोर ठेवला की ते वाजवू शकत. आंतोनियो शावियेर वाझ हा ट्रंपेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावाने ताजमध्ये स्वतःचा बँड चालवू लागला. हॉटेलला बँड हवा होता, कारण पाहुण्यांना नाचायचं होतं आणि नाचता नाचता प्यायचं होतं.

मग 1949 चा दारूबंदी कायदा आला. दारू गेली तसे नाचाचे मजले ओस पडू लागले आणि बँडच्या नोकऱ्या घटल्या. हे वादक सावरले ते चित्रपटांमुळे. आपले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांच्या 1951 च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेटचं वाजवणं ऐकू येतं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी हिंदी चित्रपटगीतांचं वाद्यवृंद-संयोजन केलं. एकेका गाण्याला पन्नास-साठ, कधी शंभराच्या आसपास वादक बसायचे. पुढे दारूबंदी सैल झाली, चर्चगेटच्या रेस्तराँमध्ये पुन्हा बँड वाजू लागले. ॲस्टोरिया हॉटेलच्या ‘व्हेनिस’मध्ये क्रिस पेरीचा बँड आणि गायिका लॉर्ना यांना ऐकायला लोक जात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डिस्को आला आणि सहा जणांचं काम एका रेकॉर्ड लावणाऱ्याकडे गेलं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सिंथेसायझरने स्टुडिओही रिकामे केले. या प्रत्येक वळणावर श्रोत्याची आवड थोडी बदलली हे खरं, पण बँडचा पगार थांबला तो हॉटेलमालकाचा किंवा निर्मात्याचा हिशेब बदलला म्हणून.

नियमांचा सर्वांत खोल परिणाम मात्र घड्याळाने केला. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. हे नियम गरजेचे आहेत. मंडपाशेजारी आजारी माणूस घेऊन राहिलेल्या कुणालाही त्यांची किंमत कळते. पण त्यांची झळ डीजेच्या भिंतीइतकीच एका सतारीलाही लागली.

धोबी तलावचं रंगभवन आठवा. 1978 मध्ये ‘जॅझ यात्रा’ तिथे सुरू झाली, 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथे भरू लागलं. कॉलेजच्या मुलांना परवडणारं, उघड्या आकाशाखालचं, स्टेशनांजवळचं ठिकाण. जवळच रुग्णालय आणि महाविद्यालय, म्हणून ते शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथले जलसे संपले. तेवढ्याच सोयीची दुसरी जागा दक्षिण मुंबईला आजवर मिळालेली नाही.

पुण्यात 1953 पासून चाललेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर रंगायचा. आता तो दुपारी सुरू होतो आणि रात्री दहाला आवरतो. एखाद्या दिवशी परवानगीने बारापर्यंत जातो. गर्दी कमी झालेली नाही. पण दरबारी, अडाणा, मालकंस, पहाटेचा ललित हे राग त्यांच्या वेळेला मैफलीत ऐकण्याची सवय आपल्या एका पिढीकडून सुटली. सकाळ मात्र वाढली. दिवाळी पहाट आज दादर-पार्ल्यापासून सांगली-नाशिकपर्यंत शहराशहरांत होते. तिथे खुर्च्या भरतात, चांगले गायक मिळतात, वादकांची ‘नाईट’, म्हणजे मानधन, वेळेवर हातात पडते. पैसे देतो तो मुख्यतः प्रायोजक: बँक, बिल्डर, सराफ, वृत्तपत्र, स्थानिक पुढारी. प्रवेशिका बहुतेकदा फुकट. या फुकटाची मला काळजी वाटते. गाण्यासाठी पाकीट उघडायची सवय गेली, तर प्रायोजकाने हात आखडल्याच्या वर्षी कार्यक्रमच उरत नाही.

दिवाळी पहाट होते त्याच हॉलमध्ये उरलेल्या वर्षभर काय चालतं, तेही पाहण्यासारखं आहे. ठाणे, डोंबिवली, पुणे इथे कराओकेचे गट जोरात आहेत. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, गृहिणी पैसे भरून हॉल घेतात आणि ट्रॅकवर गातात. त्यांच्या आनंदाला नावं ठेवायचं मला कारण नाही. इतक्या माणसांना गावंसं वाटतं ही चांगलीच गोष्ट आहे. पण पूर्वी हौशी गायकालाही एक पेटीवाला, एक तबलजी लागायचा. तो मधला माणूस गेला. शिकाऊ वादकाची पहिली कमाई अशाच कार्यक्रमांतून व्हायची. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्येही आज बहुधा एकच जण गिटार घेऊन बसतो आणि ड्रम-बास त्याच्या लॅपटॉपमधून वाजतात.

दुसरीकडे भव्य कार्यक्रमांची भूक अफाट वाढली. 2010 मध्ये पुण्यात ‘एनएच 7 वीकेंडर’ सुरू झालं, 2023 मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ आलं, जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत झालेल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी लोक आधीच दिवसभर स्क्रीनसमोर बसले होते. म्हणजे प्रत्यक्ष ऐकण्यासाठी हजारो रुपये मोजणारा श्रोता आहे. तो वर्षातून एकदा मोजतो, दर शुक्रवारी तीनशे रुपये मोजत नाही. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधला ‘ब्लू फ्रॉग’ 2007 मध्ये सुरू झाला तो रोजच्या संगीताच्या भरवशावर. 2016 मध्ये तो बंद पडला.

छोट्या जागेचा हिशेब मांडून पाहू. समजा एकशे वीस खुर्च्यांचा हॉल आहे आणि तिकीट चारशे रुपये. 2018 पासून पाचशे रुपयांपर्यंतच्या संगीताच्या तिकिटावर जीएसटी नाही, ही एक सोय आहे. हॉल पूर्ण भरला तर अठ्ठेचाळीस हजार जमतात. भाडं, ध्वनिव्यवस्था, जाहिरात, पोलीस परवानगी, गाणी दुसऱ्यांची असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचं शुल्क यांत निम्मे गेले असं धरू. उरलेले चोवीस हजार आठ जणांत वाटले की प्रत्येकी तीन हजार, तेही तालमींचे दिवस न मोजता. हॉल अर्धा भरला तर काहीच नाही. म्हणून मालक ट्रॅककडे वळतो. त्याला संगीत नकोसं झालेलं नसतं, त्याला इतके वादक परवडत नसतात.

तरीही काही ठिकाणी वादक हललेला नाही. चौफुला, मोडनिंबच्या कला केंद्रांत संगीत बारीची, म्हणजे लावणीची, बैठक ढोलकी-पेटीवर उभी असते, कारण नाचणारीच्या पावलाला आणि अदाकारीला ढोलकीवाला त्या क्षणी उत्तर देतो. तीच लावणी जत्रेच्या मोठ्या मंचावर रेकॉर्डवर नाचली जाते आणि गर्दी कितीतरी जास्त खेचते. पण मंचावर ढोलकीवाला नसतो.

गोव्यातलं तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत-नाट्य, या बाबतीत सर्वांत भक्कम आहे. त्याचा पहिला प्रयोग 1892 मध्ये मुंबईत झाला, आणि आजही मडगावच्या रवींद्र भवनात प्रयोग असला की ट्रंपेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम घेऊन बँड हजर असतो. प्रवेशांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, गातात, त्यांत गावचं राजकारण, पाण्याची टंचाई, मंत्र्यांची पक्षांतरं असतात. प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो. कडवं आवडलं की टाळ्या-शिट्यांनी तो पुन्हा मागतो, गायक राखून ठेवलेलं आणखी एक कडवं काढतो, आणि पुढचं किती चालणार हे कुणालाच माहीत नसताना बँड ती चाल पुन्हा उचलतो. आपल्या संगीत नाटकातही ‘वन्स मोअर’ असाच मिळायचा, ऑर्गन आणि तबला त्यासाठीच तयार असत. तियात्रातून बँड काढून टाकावा असं एखाद्या निर्मात्याच्या मनात आलं, तर पुढच्या प्रयोगाला तिकिटं विकताना त्याला ते कळेल.