पंचविशीतल्या पोरीला लकवा?

लकवा म्हाताऱ्यांनाच होतो असं आपण धरून चालतो. म्हणून तरण्या पोरीचं तोंड एकदम वाकडं झालं, हातातलं भांडं गळून पडलं, जीभ जड झाली, की ‘वारं लागलं’ म्हणत तेल चोळत बसतात. तिथेच वेळ जातो. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून त्रास कधी सुरू झाला ते घड्याळात पाहा, 108 ला फोन लावा, सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्यायला सांगा. पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं.

ओल्या बाळंतिणीला तर जास्तच जपा. त्या दिवसांत रक्त लवकर गोठतं. त्यात आपल्याकडे तिला पाणी मोजून देतात! भरपूर पिऊ द्या. डोकं दुखायचं थांबेना, झटके आले, तर ती बाहेरची बाधा नव्हे.

घरी आणल्यावर पुष्कळदा असं होतं, की पोरीला कळतं सगळं, पण शब्द सापडत नाही. तिच्यादेखत ‘आता हिचं कसं व्हायचं’ म्हणू नका. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, आणि थांबा. लुळा हात धरून ओढून उठवू नका, खांदा दुखावतो. शिकवलेला व्यायाम रोज करून घ्या. आणि तिचं लेकरू तिच्यापासून लांब ठेवू नका. शेजारी बसून मांडीवर द्या.