भूमिगत वीज केबलमधील दोष : स्थाननिश्चिती आणि प्रतिबंध

प्रस्तावना

वीज वितरणाच्या व्यवस्थेत भूमिगत केबलचे महत्त्व दिवसेंदिवस वाढत आहे. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले. अशा प्रत्येक आपत्तीनंतर वीजवाहिन्या जमिनीखाली न्याव्यात अशी मागणी पुढे येते आणि ती रास्तही आहे. तथापि भूमिगत केबलचे जे बलस्थान, तीच तिची अडचणही ठरते. ती दिसत नाही. खांबावरील तार तुटली तर वाटसरूलाही कळते; जमिनीखालची केबल निकामी झाली तर रस्त्यावर बहुधा कोणतीही खूण उमटत नाही. प्रस्तुत लेखात केबलमधील दोष शोधण्याच्या प्रमुख पद्धतींमागील तत्त्वे व दोष टाळण्याचे उपाय यांचा विचार केला आहे. शोध आणि प्रतिबंध ही दोन कामे वरकरणी भिन्न वाटली, तरी केबलच्या अचूक नोंदी हा दोहोंचा समान पाया आहे, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

दोषांचे स्वरूप

केबलच्या मध्यभागी तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वाहक असतो. त्याभोवती विद्युत्‌रोधक थर, त्यावर धातूचे कवच आणि सर्वांत बाहेर संरक्षक आवरण असते. वाहक तुटल्यास परिपथ खंडित होतो. दोन वाहकांमधील रोधक थर निकामी झाल्यास शॉर्ट सर्किट होते. वाहकाचा धातूच्या कवचाशी किंवा जमिनीशी संबंध आल्यास त्यास अर्थ फॉल्ट म्हणतात. यांपैकी कोणता दोष आहे, हे प्रथम मेगरने रोध मोजून ठरवावे लागते. कारण पुढील पद्धतीची निवड त्यावरच अवलंबून असते.

दोष एका क्षणात प्रकट होत असला तरी त्याची सुरुवात बहुधा फार पूर्वी झालेली असते. खोदकाम करताना पहारीचा निसटता घाव बसतो, बाहेरचे आवरण फाटते आणि ओलावा आत शिरू लागतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सएलपीई या रोधक द्रव्यात ओलावा व विद्युत दाब यांच्या संयुक्त परिणामाने झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म रेषा पसरतात. त्यांना ‘वॉटर ट्री’ म्हणतात. त्या वर्षानुवर्षे वाढत राहतात आणि केबल मात्र तोवर सुरळीत काम करीत असते.

स्थाननिश्चितीच्या पद्धती

सर्वांत जुन्या पद्धतींपैकी एक म्हणजे मरे लूप चाचणी. व्हीटस्टन ब्रिजच्या तत्त्वावर ती आधारलेली आहे. दोषयुक्त वाहक आणि त्याच जाडीचा एक निर्दोष वाहक दूरच्या टोकाला जोडून लूप तयार करतात आणि ब्रिजचे संतुलन साधतात. समजा, केबल १,२०० मीटर लांब आहे. म्हणजे लूप २,४०० मीटरचा झाला. संतुलनाच्या वेळी ब्रिजच्या दोन भुजांच्या रोधांचे गुणोत्तर ४:१ आले, तर दोष लूपच्या एक पंचमांश अंतरावर, म्हणजे चाचणीच्या टोकापासून ४८० मीटरवर असतो. दोषाचा स्वतःचा रोध बॅटरीच्या मार्गात येत असल्याने संतुलनाच्या गणितात त्याचा अडथळा होत नाही, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. मात्र निदान एक वाहक निर्दोष असणे आवश्यक असते.

दुसरी पद्धत प्रतिध्वनीच्या तत्त्वाची आहे. केबलच्या टोकातून विद्युत स्पंद सोडला असता तो दोषाच्या जागी परावर्तित होऊन परत येतो. एक्सएलपीई केबलमध्ये स्पंदाचा वेग साधारणतः १६० ते १७० मीटर प्रति मायक्रोसेकंद असतो. वेग १६५ धरला आणि परावर्तन १२ मायक्रोसेकंदांनी आले, तर जाण्यायेण्याचे अंतर १,९८० मीटर, म्हणून दोष ९९० मीटरवर. वेग १६० धरला तर मात्र हेच उत्तर ९६० मीटर येते. केबलच्या प्रकाराची नोंद नसेल तर केवळ वेगाच्या अंदाजातील या लहानशा फरकाने ३० मीटर रस्ता व्यर्थ खोदण्याची वेळ येऊ शकते. शिवाय दोषाचा रोध फार जास्त असल्यास कमी दाबाचा स्पंद त्याला न जुमानता पुढे निघून जातो. अशा वेळी उच्च दाबाने दोषाच्या जागी क्षणभर ठिणगी निर्माण करतात आणि तेवढ्या अवधीत परावर्तन टिपतात.

या दोन्ही पद्धती केबलच्या लांबीवरील अंतर सांगतात. जमिनीवरील जागा सांगत नाहीत. केबल सरळ रेषेत गेलेली नसते. ती वळणे घेते आणि जोडाजवळ तिची जादा लांबीही ठेवलेली असते. म्हणून अखेरची निश्चिती जमिनीवरूनच करावी लागते. त्यासाठी ‘थम्पर’ हे उपकरण वापरतात. त्यातील संधारित्र भारित करून केबलमध्ये एकदम रिकामे केले जाते. ८ मायक्रोफॅरडचे संधारित्र १६ किलोव्होल्टला भारित केल्यास त्यात सुमारे १,०२४ ज्यूल ऊर्जा साठते. ती दोषाच्या जागी मुक्त होताच दबका आवाज होतो. जमिनीवर ठेवलेला ग्राहक चुंबकीय संकेत व ध्वनी ही दोन्ही टिपतो. चुंबकीय संकेत जवळजवळ तत्काळ पोहोचतो, ध्वनी मागाहून येतो. या दोहोंतील अंतर जेथे किमान भरते, तेथेच खाली दोष असतो.

थम्परचा वापर संयमानेच करावा लागतो. वारंवार दिलेले उच्च दाबाचे आघात जुन्या केबलमधील अन्य दुर्बल जागाही खिळखिळ्या करतात. अंतर आधी काटेकोरपणे काढले असेल तर मोजकेच आघात पुरतात. याखेरीज, पुरवठा बंद केल्यावरही केबलमध्ये भार साठलेला राहतो. म्हणून ती भूसंपर्कित केल्याशिवाय हात लावू नये. खड्ड्यात अनेक केबल्स शेजारी असतील तर कापण्यापूर्वी नेमकी केबल ओळखणे अनिवार्य ठरते. येथे नोंदीतील चूक कामगाराच्या जिवावर बेतू शकते.

ऑकलंडचा धडा

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात १९९८ साली घडलेली घटना या संदर्भात उद्‌बोधक आहे. शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागाला वीज पुरविणाऱ्या ११० किलोव्होल्टच्या चार भूमिगत केबल्स २० जानेवारी, ९ फेब्रुवारी, १९ फेब्रुवारी आणि २० फेब्रुवारी या दिवशी एकामागून एक निकामी झाल्या. त्यांपैकी दोन वायूभरित व दोन तेलभरित होत्या. एक केबल बंद पडली की तिचा भार उरलेल्यांवर येत गेला. व्यापारी भागाची सुरळीत वीज सुमारे पाच आठवडे बंद राहिली आणि अखेर तात्पुरती वाहिनी खांबांवरून न्यावी लागली. शासकीय चौकशीत असे दिसून आले की, केबलभोवतीच्या मातीची उष्णता वाहून नेण्याची क्षमता गृहीत धरल्यापेक्षा कमी होती. म्हणजे केबल जितका भार पेलेल असे कागदोपत्री मानले होते, तितका ती प्रत्यक्षात पेलू शकत नव्हती. माती कोरडी पडली की उष्णता कोंडते आणि केबल आतून तापत राहते. कागदावरील नोंद व जमिनीखालील वास्तव यांतील हे अंतर केबल निकामी झाल्यावरच उघड झाले.

प्रतिबंधाचे उपाय

प्रतिबंधाची सुरुवात केबल टाकतानाच होते. भारतीय मानक १२५५ नुसार ३.३ ते ११ किलोव्होल्टच्या केबलसाठी किमान ०.९ मीटर खोली अपेक्षित आहे. खाली-वर वाळूचा थर, त्यावर विटा किंवा काँक्रीटच्या फरशा आणि जमिनीवर मार्गदर्शक खुणा, ही व्यवस्था साधी असली तरी पहारीचा घाव तिनेच टळतो. केबल तीव्र कोनात वाकवू नये. कापलेली टोके ओलावा शिरणार नाही अशी तत्काळ बंद करावीत. जोड हा केबलचा सर्वांत नाजूक भाग होय. जोडणी करताना रोधक थरावर राहिलेला सुरीचा ओरखडा किंवा धुळीचा कण पुढे दोषाचे मूळ ठरतो; म्हणून जोडणाऱ्या कारागिराचे प्रशिक्षण ही चैन नसून गरज आहे.

चाचणीची निवडही विचारपूर्वक करावी. जुन्या एक्सएलपीई केबलवर एकदिश प्रवाहाच्या उच्च दाबाची चाचणी घेतल्यास रोधक थरात भार साचून केबलची हानी होऊ शकते. त्याऐवजी ०.१ हर्ट्‌झ वारंवारतेची चाचणी स्वीकारली जाते. ५० हर्ट्‌झच्या तुलनेत तिला लागणारा भारण प्रवाह ५०० पटींनी कमी असल्याने उपकरणही सुटसुटीत होते. टॅन डेल्टाचे मापन वेळोवेळी केल्यास केबलचे वार्धक्य आधीच लक्षात येते.

खोदकाम करणाऱ्या यंत्रणांमधील समन्वय हाही प्रतिबंधाचाच भाग आहे. या हेतूने केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने पूर्वसूचना द्यावी आणि जमिनीखालील मालमत्तेच्या मालकाने आपला मार्ग सांगावा, अशी त्यामागील कल्पना आहे. परंतु मालकालाच आपला मार्ग नेमका ठाऊक नसेल तर ही सूचना निष्फळ ठरते.

निष्कर्ष

केबलमधील दोष शोधण्याचे शास्त्र पुरेसे प्रगत आहे. ब्रिजचे संतुलन असो वा स्पंदाचे परावर्तन, गणित चोख असते. उणीव राहते ती गणिताला पुरविलेल्या माहितीत. म्हणून केबल कोणत्या प्रकारची, कोणत्या मार्गाने व किती खोलीवर गेली, जोड कोठे आहेत, दुरुस्तीत कोणता तुकडा घातला आणि पूर्वीचा दोष कशामुळे उद्भवला, यांची नोंद प्रत्येक कामानंतर अद्ययावत झाली पाहिजे. काढून टाकलेला सदोष तुकडा फेकून न देता तपासला, तर पुढील दोषाचे कारण हाती लागते. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात चाचण्यांची सूत्रे शिकविली जातातच. त्यांच्या जोडीला नोंद ठेवण्याची शिस्तही शिकविली गेली, तर जमिनीखाली दडलेली केबल निदान कागदावर तरी स्पष्ट दिसत राहील.