बुजगावण्याचा फ्यूज

बुजगावणे हा शेतातला सर्वांत स्वस्त नोकर. त्याला पगार नाही, जेवण नाही, की रजा नाही. फाटका सदरा, डोक्यावर पालथे घातलेले काळे मडके आणि आडव्या काठीचे दोन हात, एवढ्या भांडवलावर तो सुगीभर उभा राहतो. पण हल्ली या नोकरालाही वीज लागू लागली आहे. आमच्या मुरगूडच्या शिवारात वेदगंगेच्या काठाने फिरायला गेलात, तर मैलभर उसाशिवाय दुसरे काही दिसत नाही. मधूनच शाळूचा किंवा भाताचा एखादा तुकडा लागतो आणि तिथून ठणठण असा आवाज येतो. माणूस मात्र दिसत नाही. जवळ जाऊन पाहावे तो एक खांब, त्यावर लहानशी मोटार, मोटारीच्या दांड्याला बांधलेला लोखंडी तुकडा आणि तो जिच्यावर आपटतो ती जुनी थाळी. खाली खोक्यात बारा व्होल्टची बॅटरी, कुठे कुठे वर सूर्यावर चालणारा पत्रा. मोटार मोडीतल्या जीपच्या वायपरची असली, तर मालक अधिकच खुशीत असतो.

पूर्वी हे काम घरातल्या पोरांकडे असे. माळ्यावर चढायचे, गोफण फिरवायची, डबा बडवायचा आणि गळा फाटेपर्यंत ओरडायचे. शाळू चिकात आला की भोरड्यांचा थवा उतरतो. ही पाखरे हिवाळ्यात थेट मध्य आशियाकडून येतात. ती टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात हे खरे, पण कणसावर बसलेली भोरडी पाहून तिचे उपकार आठवणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. आता पोरे शाळा-कॉलेजात आली. आमच्या वर्गात ती बसतात आणि शेतात त्यांच्या जागी मोटार बसते.

या यंत्राचे एक भावंड अमेरिकेत आहे. त्याचा धंदा मात्र अगदी उलटा. आमचे यंत्र पाखराला हाकलते, ते त्याला बोलावते. गेल्या शतकाच्या शेवटच्या काही वर्षांत तिकडच्या शिकाऱ्यांनी मोटारीने पंख फिरवणारे खोटे बदक काढले. ते पाणथळीत उभे करायचे. फिरणाऱ्या पंखांची पांढरी-काळी चमक पाहून आकाशातली बदके उतरतात आणि शिकाऱ्याच्या टप्प्यात सापडतात. युक्ती इतकी लागू पडली की काही राज्यांना तिच्यावर बंधने घालावी लागली. आपल्याकडे हीच विद्या फासेपारध्याला विजेवाचून साधलेली होती. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून तो माळावर ठेवी आणि भोवती फासे मांडी. पिंजऱ्यातल्याची हाक ऐकून रानातला नर तावातावाने भांडायला येई, तो पाय अडकूनच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा झाला, तेव्हा मोटारीचे बदक इथे आणण्याचे कारण उरलेले नाही. पण बदक काय आणि बुजगावणे काय, दोघांचे दुखणे एकच. चालता चालता ठप्प होतात आणि उघडून पाहावे तर फ्यूज उडालेला!

क्रमिक पुस्तकांतून फ्यूजला ‘वितळतार’ म्हणतात. मराठी शिकवणारा म्हणून मला हा शब्द फार आवडतो, कारण तो आपले काम नावातच सांगतो. पण आमच्या गल्लीत ‘वितळतार द्या’ म्हटले, तर दुकानदार मला पाटाची नळी देईल. तेव्हा फ्यूजच म्हणू.

गेल्या सुगीत आमच्या शेजारच्या आबांचे यंत्र तीन दिवसांत चार वेळा बंद पडले. वायरमन आला तेव्हा मी तिथेच होतो. आबांचे निदान तयार होते.

“तार लई पातळ हाय, म्हणून जळत्या. जरा दमदार घाला की.”

“आबा, दमदार घातलीसा तर तार ऱ्हाईल आन् मोटार जाईल,” वायरमन म्हणाला. “आधी बघू तरी, जळत्या कशानं.”

आबांचा उपाय हा निम्म्या महाराष्ट्राचा उपाय आहे. फ्यूज गेला की चहाच्या पुड्यातली चांदी गुंडाळ, सायकलची तार घाल, नाहीतर वायरीतले चार पदर पिळून बसव. यंत्र चालते हेही खरे; ते कुठवर चालते, एवढाच प्रश्न.

वायरमनने प्रथम गेलेला फ्यूज उजेडात धरला. काचेच्या नळीतल्या फ्यूजमध्ये पुष्कळ वाचता येते. काच स्वच्छ आणि आतली तार मधोमध हळूच तुटलेली असेल, तर ओझे थोडे जास्त पण बराच वेळ झाले असे समजावे. काच काळी पडली असेल किंवा आतून चांदीचा मुलामा दिल्यासारखी दिसत असेल, तर कुठेतरी दोन तारा उघड्या भेटल्या आहेत. आबांची काच स्वच्छ होती.

म्हणजे दोष मोटारीच्या ओझ्यात. यातली मौज अशी की फिरती मोटार स्वतःच विजेला अडवत असते. तिच्या फिरण्यातून उलटा दाब निर्माण होतो आणि प्रवाह आटोक्यात राहतो. चोवीस वॅटची मोटार बारा व्होल्टवर दोनच अँपियर घेते. पण तिचे चाक अडले, की तो उलटा दाब नाहीसा होतो आणि तीच मोटार कितीतरी पट प्रवाह ओढू लागते. अमेरिकेतल्या बदकाच्या दांड्याला शेवाळ गुंडाळते. आबांच्या मोटारीच्या दांड्यावर पाचटाचा आणि सुतळीचा चांगला बोटभर वेढा बसला होता. तो चाकूने कापून काढला, दोन थेंब तेल सोडले. मोटार सुरू होताना क्षणभर जास्त ओढतेच, म्हणून वायरमनने तीन अँपियरचा, सावकाश जाणारा फ्यूज बसवला.

काच काळी असती तर? तेव्हाची युक्तीही त्याने मला दाखवली. फ्यूजच्या जागी मोटारगाडीचा बारा व्होल्टचा बल्ब जोडायचा. बल्ब भगभगीत पेटला, तर दोष अजून आहे. मग एकेक जोडणी सोडवत जायचे. जी सोडल्यावर बल्ब मंदावतो, चोर तिथेच. फ्यूजमागून फ्यूज जाळण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते. बॅटरीच्या लाल-काळ्या तारा उलट्या लावल्या तरी पुष्कळ यंत्रांत फ्यूज लगेच जातो, हेही पाहून घ्यावे. आणि फ्यूज बसवावा तो बॅटरीच्या अगदी तोंडाशी. मोटारीजवळ बसवला, तर मधली वायर उंदराने कुरतडल्यावर तिला वाली कोण? एवढीशी बॅटरीसुद्धा तारा भिडल्या की शंभराच्या घरात अँपियर ओतू शकते. वायरीचे वेष्टण पेटायला तेवढे खूप झाले आणि सुगीत शेताभोवती वाळलेल्या पाचटाला काय तोटा?

परत जाताना आबांनी दुसरा विषय काढला. “रानडुकरं लई माजल्यात. ह्यो आवाज त्यास्नी लागू न्हाई. बांधाला तार वढून घरातला करंट सोडला तर? फ्यूज हायच की मधे.”

वायरमन चालता चालता थांबला आणि त्याने साफ नकार दिला. हा समज आमच्या भागात फार पसरलेला आहे. राधानगरीचे अभयारण्य १९५८ पासूनचे, गव्यांचे म्हणून प्रसिद्ध. तिथून गवे आणि डुकरे पिकात उतरतात, नुकसान खरे असते आणि माणूस जेरीस येतो. पण फ्यूज हा वायरीचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. पाच अँपियरचा फ्यूज पाचाच्या पुढेच विचार करू लागतो. काळजाचे ठोके बिघडायला अँपियरचा दहावा हिस्सासुद्धा पुरा होतो. ओल्या बांधावर अनवाणी उभा असलेला माणूस तारेला चिकटून राहील आणि फ्यूज साधा कोमटही होणार नाही. माणसासाठी वेगळे यंत्र असते. तीस हजारांश अँपियर जमिनीत गळू लागले की ते पुरवठा तोडते. सौर कुंपणाची गोष्टही निराळी. त्यातला दाब हजारो व्होल्टचा, पण सेकंदाला साधारण एक ठोका आणि तोही निमिषमात्र. जनावर दचकते, मरत नाही. घरातली वीज ठोके देत नाही, ती धरून ठेवते.

शिवाय शेतीपंपांची वीज आमच्याकडे पुष्कळदा पाळीने आणि रात्रीची येते. अशा वेळी अंधारातून बॅटरीच्या उजेडात बांधाबांधाने जो चालत येतो तो डुक्कर नसतो. उसाला पाणी पाजायला निघालेला शेजारी असतो, क्वचित त्याच्यामागे त्याचा मुलगा. आबांना वायरमनने एवढेच विचारले, “तुमच्या बांधावरनं रातचं कोण कोण जातं, आबा?” आबांनी बोटांवर नावे मोजायला सुरुवात केली, पाचव्या नावाला त्यांचा स्वतःचा नातू आला. मग त्यांनी सौर कुंपणाची किंमत विचारली.