ई-मेल संग्रहातील शोधसंज्ञा

ई-मेल संदेशांच्या साठ्यातून हवे असलेले संदेश वेगळे काढण्यासाठी संगणकाला दिलेला शब्द, शब्दसमूह किंवा अट यास शोधसंज्ञा म्हणतात. प्रेषक, प्राप्तकर्ता, दिनांक व विषय यांवर घातलेल्या अटींचाही तीत समावेश होतो. शोधसंज्ञेने शब्द सापडतो. त्या शब्दामागील बाब सापडेलच असे नाही. हा भेद लक्षात न घेतल्यास संग्रहात असलेला कागद ‘उपलब्ध नाही’ असे ठरण्याचा संभव असतो. कार्यालयीन निर्णय, परवाने व हक्क यांचा पुरावा आता मोठ्या प्रमाणात ई-मेलमध्ये साठत असल्यामुळे शोधसंज्ञांची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न राहिलेला नाही.

पार्श्वभूमी : कागदी दप्तरात शोधाची दिशा दप्तर लावणाऱ्याने आधीच ठरविलेली असते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३०–३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे अभ्यासकांना त्या राशीत शिरण्याची वाट मिळाली. ई-मेल संग्रहाची रचना निराळी असते. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठविला. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केल्यानंतर या माध्यमाचा प्रसार झाला. २००४ मध्ये सुरू झालेल्या जीमेल सेवेने संदेश कप्प्यांत लावून ठेवण्यापेक्षा ते शोधून काढण्यावर भर दिला. दप्तर लावणाऱ्याची जागा अशा रीतीने शोधणाऱ्याने घेतली आणि वर्गीकरणाची जबाबदारीही त्याच्याकडे आली.

कार्यपद्धती : प्रत्येक शोधाच्या वेळी संगणक सर्व संदेश पहिल्यापासून वाचीत नाही. संदेश साठविताना त्यांतील शब्द सुटे करून एक व्यस्त निर्देशिका तयार केली जाते. ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीप्रमाणे तिच्यात प्रत्येक शब्दापुढे तो ज्या संदेशांत आला आहे त्यांचे क्रमांक नोंदलेले असतात. ‘घोडा’ हा शब्द ३, ८ व २१ या संदेशांत आणि ‘परवाना’ हा ८, २१ व ४० या संदेशांत असेल, तर दोन्ही शब्द मागणाऱ्या शोधाला ८ व २१ हे संदेश मिळतात. जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये मांडलेल्या तर्कशास्त्रीय बीजगणितावर आधारलेली ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ ही तीन संयोजके येथे वापरतात. ‘आणि’मुळे निष्पत्ती आकुंचित होते, ‘किंवा’मुळे विस्तारते व ‘नाही’मुळे काही संदेश वगळले जातात. शब्दसमूह अवतरणचिन्हांत दिल्यास ते शब्द त्याच क्रमाने शेजारी असलेले संदेशच मिळतात. अनेक प्रणालींत शब्दाच्या आरंभीच्या अक्षरांपुढे तारांकन देऊन त्याची पुढील सर्व रूपे मागविता येतात.

ई-मेलच्या मथळ्यात प्रेषक, प्राप्तकर्ता, दिनांक व विषय यांची स्वतंत्र क्षेत्रे असतात. शब्द अनिश्चित असला, तरी व्यक्ती व काळ पुष्कळदा निश्चित असतात. म्हणून क्षेत्रनिहाय अटी विशेष विश्वसनीय ठरतात. विषयाच्या ओळीवर मात्र फार विसंबता येत नाही. जुन्याच संदेशाला उत्तर देत नवी बाब लिहिण्याची सवय सर्वत्र आढळते व त्यामुळे विषय एक आणि मजकूर दुसराच, असा प्रकार होतो.

निष्पत्तीचे मोजमाप : शोधाची गुणवत्ता दोन मापांनी ठरते. मिळालेल्या संदेशांपैकी किती उपयुक्त आहेत हे प्रमाण म्हणजे अचूकता आणि संग्रहातील एकूण उपयुक्त संदेशांपैकी किती मिळाले हे प्रमाण म्हणजे समावेशकता. संग्रहात ५० उपयुक्त संदेश असून शोधात ४० संदेश आले व त्यांतील ३० उपयुक्त ठरले, तर अचूकता ७५ टक्के व समावेशकता ६० टक्के होते. एक माप वाढविताना दुसरे घटण्याची प्रवृत्ती असते. अचूकता शोधणाऱ्याला समोर दिसते. समावेशकता दिसत नाही, कारण न मिळालेले संदेश त्याच्यापुढे येतच नाहीत.

या भ्रमाचे प्रसिद्ध उदाहरण डेव्हिड ब्लेअर व एम. ई. मॅरन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात आढळते. अमेरिकेतील एका दाव्याशी संबंधित सु. ४०,००० दस्तऐवजांचा (सु. ३,५०,००० पृष्ठे) संपूर्ण मजकूर संगणकात भरलेला होता. आपल्याला उपयुक्त दस्तऐवजांपैकी किमान ७५ टक्के मिळाले, अशी त्यातील वकिलांची समजूत होती. प्रत्यक्षात सरासरी प्रमाण सु. २० टक्के भरले. ज्या दुर्घटनेविषयी शोध चालला होता, तिला तिच्याशी निकटचा संबंध असलेल्या व्यक्तींनी आपल्या लिखाणात अपघात म्हटलेच नव्हते. ‘दुर्दैवी परिस्थिती’, ‘अडचण’ असे सौम्य शब्द योजिले होते. हे दस्तऐवज ई-मेल नव्हते. तथापि हा निष्कर्ष कोणत्याही पत्रव्यवहाराला लागू पडतो. ज्याला एखादी गोष्ट झाकावयाची असते, तो तिचे नाव घेत नाही.

मराठीतील विशेष अडचणी : मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘माथेरान’ या नामाची ‘माथेरानला’, ‘माथेरानच्या’, ‘माथेरानमधील’ ही रूपे आरंभीच्या समान अक्षरांवरून मिळू शकतात. सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो तेथे हा उपाय अपुरा पडतो. ‘घोडा’चे ‘घोड्याचा’, ‘रस्ता’चे ‘रस्त्यावर’ व ‘परवाना’चे ‘परवान्यासाठी’ होते. ‘पाऊस’ व ‘पावसाने’ या दोन रूपांत तर ‘पा’ एवढाच आरंभ समान राहतो. शब्दाचे मूळ रूप काढणारी आज्ञावली प्रणालीत नसेल, तर अशी सर्व रूपे ‘किंवा’ने जोडून द्यावी लागतात.

दुसरी अडचण लिपीच्या संगणकीय संकेतनाची आहे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलिखित केलेला मराठी मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला, तरी संगणकात तो अनेकदा रोमन अक्षरांच्या संकेतांकांनी साठविलेला असतो. देवनागरी शोधसंज्ञेला तो सापडत नाही. युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्ध्या र-काराचे संकेतन दोन प्रकारे करता येते व डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला भिन्न वाटू शकतात. शिवाय पुष्कळ लोक मराठी मजकूर रोमन लिपीत लिहितात आणि त्याचे वर्णलेखन व्यक्तिगणिक बदलते. तिसरी अडचण जोडपत्रांची होय. ‘सोबतचे पत्र पाहावे’ एवढेच लिहून सही-शिक्क्याच्या पत्राची प्रतिमा जोडण्याचा प्रघात कार्यालयांत रूढ आहे. अशा प्रतिमेत माणसाला शब्द दिसतात, संगणकाला फक्त चित्र दिसते. अक्षर-अभिज्ञानाची प्रक्रिया तीवर केली नसेल, तर शोधाच्या दृष्टीने ते पत्र कोरेच असते.

माथेरानचे उदाहरण : एका लहान स्थळाविषयीच्या पत्रव्यवहारातही शोधसंज्ञा किती विविध होतात, हे रायगड जिल्ह्यातील माथेरान या गिरिस्थानावरून स्पष्ट होते. अशा पत्रव्यवहाराचा एक मोठा ई-मेल संग्रह आहे असे मानल्यास, पहिला प्रश्न स्थळाच्या प्रशासकीय नावाचा येतो. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानची पाहणी केली, त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. कर्जत तालुका १८९१ मध्ये कुलाबा जिल्ह्यात गेला व १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जुन्या आदेशांच्या वा नोंदींच्या प्रती ज्या संदेशांना जोडल्या आहेत, त्यांचा शोध घेताना ‘ठाणे’, ‘कुलाबा’ व ‘रायगड’ ही तिन्ही नावे वापरावी लागतील. ‘रायगड’ एवढीच संज्ञा दिल्यास एकीकडे जुने कागद सुटतील आणि दुसरीकडे महाडजवळील किल्ल्याविषयीचे संदेश गोळा होतील.

नेरळ–माथेरान ही १९०७ मध्ये सुरू झालेली अरुंदमापी रेल्वे पत्रव्यवहारात अनेक नावांनी वावरते. रेल्वेचे अभियंते तिचा उल्लेख मार्गाच्या नावाने करतील. प्रवासी ‘मिनी ट्रेन’, ‘टॉय ट्रेन’ म्हणतील. वृत्तपत्रांना ‘माथेरानची राणी’ हे नाव प्रिय आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्गाची मोठी हानी झाली. २०१६ मध्ये डबे घसरल्याने वाहतूक थांबविण्यात आली व २०१९ च्या पावसानंतर नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद पडून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. या घटनांचे संदेश शोधताना ‘बंद’ या शब्दापेक्षा दिनांकांची मर्यादा अधिक उपयोगी पडते. कारण ‘दरड’, ‘भूस्खलन’, ‘रुळांखालील भराव वाहून जाणे’, ‘दुरुस्ती’ असे शब्द वापरून एकच गोष्ट सांगितली जाते.

अंदाजी शोधामुळे, म्हणजे एखाद्या अक्षराचा फरक क्षम्य मानणाऱ्या शोधामुळे, वर्णलेखनातील भेद सामावले जातात. ‘शार्लट’, ‘शार्लोट’ व ‘शारलोट’ या तिन्ही रूपांनी लिहिलेला तलाव त्यामुळे एकत्र सापडतो. परंतु याच सवलतीने ‘नेरळ’ आणि नवी मुंबईतील ‘नेरूळ’ यांचीही सरमिसळ होते. ‘पॉइंट’ या शब्दाबाबत अडचण उलट आहे. माथेरानच्या संदर्भात तो कड्यावरील प्रेक्षणस्थळाचा वाचक आहे, तर कार्यालयीन बोलीत तो ‘मुद्दा’ या अर्थी येतो. अशा वेळी ‘लुइझा’, ‘पॅनोरमा’, ‘अलेक्झांडर’ यांसारखी विशेषनामे जोडून अर्थ निश्चित करावा लागतो.

वाहनांच्या प्रश्नात शब्दांना अधिक वजन येते. माथेरान परिसर ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने परिस्थितिकीय दृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र ठरला. तेथे मोटारवाहनांना बंदी असल्याने घोडे व माणसांनी ओढावयाच्या रिक्षा हीच वाहतुकीची साधने राहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षांना प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली व ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. या बाबीचे संदेश ‘ई-रिक्षा’, ‘ई रिक्षा’, ‘इ-रिक्शा’, ‘बॅटरीवरील रिक्षा’ व ‘पर्यावरणपूरक वाहन’ यांपैकी कोणत्याही शब्दांत असू शकतात. जोडरेषेमुळे काही प्रणाली ‘ई’ व ‘रिक्षा’ असे दोन शब्द पाडतात. त्यामुळे हातरिक्षांचे संदेशही निष्पत्तीत मिसळतात. रिक्षा ओढणारे आपले म्हणणे ‘रोजगार’, ‘पुनर्वसन’, ‘श्रमिक’ या शब्दांत मांडतील. अधिकारी तीच बाब ‘प्रायोगिक प्रकल्प’ या शीर्षाखाली नोंदवतील. केवळ कार्यालयीन शब्द वापरून केलेल्या शोधात एका पक्षाचे म्हणणे येईल व दुसऱ्याचे संग्रहात असूनही येणार नाही.

शोधाची शिस्त : वरील कारणांमुळे शोध एका फेरीत पूर्ण होत नाही. प्रथम व्यक्ती व कालमर्यादा निश्चित करून थोडे निश्चितपणे उपयुक्त संदेश मिळवावे लागतात. ते वाचून पत्रलेखकांचे प्रत्यक्ष शब्द, संक्षेप व लेखनभेद टिपले की पुढील फेरीच्या शोधसंज्ञा मिळतात. संबंधित संदेशाची सर्व उत्तरे साखळीने पाहिल्यास, ज्यांत एकही अपेक्षित शब्द नाही असे ‘मान्य आहे’ एवढेच लिहिलेले संदेशही हाती येतात. निर्णय पुष्कळदा त्याच दोन शब्दांत असतो. शेवटी, शोधात न आलेल्या संदेशांतून यदृच्छेने काही नमुने काढून वाचतात. त्यांत उपयुक्त संदेश आढळल्यास शोधसंज्ञा अपुऱ्या आहेत असे समजावे. वापरलेल्या संज्ञा, अटी व दिनांक यांची नोंद ठेवल्यास दुसऱ्यास तो शोध पडताळून पाहता येतो.

अर्थावरून शोध घेणाऱ्या आधुनिक प्रणाली शब्दांचे रूपांतर संख्यांच्या मालिकांत करून ‘दरड’ व ‘भूस्खलन’ यांतील जवळीक ओळखू शकतात. अमेरिकेतील एका न्यायालयाने २०१२ मध्ये दस्तऐवजांच्या छाननीसाठी यंत्रशिक्षणावर आधारित पद्धतीस मान्यता दिली. या साधनांनी श्रम वाचतात. मात्र स्थानिक नावे, मोडतोड झालेले वर्णलेखन व न वाचता येणारी जोडपत्रे यांबाबत त्यांनाही मर्यादा पडतात. नमुना-तपासणीची गरज त्यामुळे संपत नाही.

सामाजिक महत्त्व : माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी आपले अभिलेख सूचीबद्ध व निर्देशिकाबद्ध ठेवणे आवश्यक आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने कायदेशीर मान्यता दिली आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते पुरावा म्हणून ग्राह्य आहेत. अर्जदाराने मागितलेला संदेश सापडत नाही, या उत्तराचे मूल्य तो कोणत्या शब्दांनी, कोणत्या खात्यांत व कोणत्या कालावधीत शोधला यावर अवलंबून असते. हा तपशील दिलेला नसेल, तर त्या उत्तरातून दिलेल्या शब्दांशी जुळणारे काही मिळाले नाही एवढेच सिद्ध होते; संदेश नव्हता हे सिद्ध होत नाही.