हार्ट अटॅक शोधायचा कसा?

कुणी 'हार्ट अटॅक' लिहितो, कुणी 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. शोधणाऱ्याला दोन्ही लेख मिळायला हवेत. त्यासाठी अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानं १९६० मध्ये 'मेश' हा प्रमाण विषयशब्दांचा कोश केला. आज असे लेख सहज सापडतात, त्याचं संगणकाइतकंच, किंबहुना जास्तच, श्रेय मी या कोशाला देईन. १८७९ मध्ये सुरू झालेल्या 'इंडेक्स मेडिकस' या वैद्यकीय लेखांच्या छापील सूचीचं काम १९६४ मध्ये संगणकावर गेलं. १९७१ मध्ये या सूचीचं संगणकीय रूप 'मेडलाइन' टेलिफोनच्या तारांवरून इतर ग्रंथालयांत पोचलं. १९९७ मध्ये 'मेडलाइन'मध्ये शोध घेण्याचं 'पबमेड' हे संकेतस्थळ सर्वांसाठी मोफत झालं. आज गडचिरोलीतला डॉक्टरही मोबाइलवर तोच शोध घेऊ शकतो. सारांश फुकट वाचता येतात, पूर्ण लेख मात्र अनेकदा नाही. अशा वेळी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ग्रंथपालांना जरूर विचारा.