गोष्टीचं एक, माहितीचं एक



गटाच्या बैठकीत “तुम्हाला वाचायला काय आवडतं?” असं विचारलं की बहुतेक जणी हसतात. “शाळा सुटली तेव्हाच वाचन सुटलं,” म्हणतात. शिवाय बाई पुस्तक घेऊन बसली की तिला काम नाही, असं घरात धरलं जातं. पण वाचायची सवय मोडली की अक्षर सहीपुरतंच उरतं. मग कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय तेही दुसऱ्याला विचारावं लागतं. म्हणून गटानं पुस्तकांची छोटी पेटी करावी, आणि तिच्यात दोन्ही तऱ्हेची पुस्तकं असावीत.

गोष्टीचं पुस्तक कशाला?

कथा-कादंबरी लेखकानं मनानं रचलेली असते, पण त्यातली माणसं ओळखीची वाटतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. मेंढपाळांच्या वाडीत शाळेवर आलेला तरुण मास्तर आणि पुढे पडलेला दुष्काळ, असं तिचं कथानक आहे. दुष्काळ आपल्याला नवा नाही. गोष्टीचा मोठा फायदा असा, की तिच्यावर बोलताना कुणाच्या घरचं नाव घ्यावं लागत नाही. दारू, मारहाण, मुलीचं लवकर लग्न, हे विषय निघाले की बैठक गप्प होते. तेच गोष्टीतल्या बाईबद्दल असेल तर सगळ्या बोलतात.

खऱ्या अनुभवाचं आणि माहितीचं

फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या छोट्या दुकानात पुड्या बांधायला येणारी रद्दी वाचायच्या. घरच्यांपासून लपवून त्यांनी आपल्या समाजाचं आणि स्वतःचं जगणं लिहून काढलं. ते लिखाण बरीच वर्षं तसंच लपून राहिलं. ‘जिणं आमुचं’ हे त्यांचं पुस्तक १९८६ साली आलं. किराणा दुकान चालवणाऱ्या आपल्या ताईंनी ते जरूर वाचावं. डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’ गडचिरोलीतली झाडं आणि तिथली माणसं यांच्या नात्यावर आहे. ते वाचताना आपल्या बांधावरची झाडं आठवतील.

शेती, आरोग्य, कायदा, योजना यांची पुस्तकं घेताना आधी छापल्याचं साल बघा. योजनेची रक्कम आणि नियम बदलतात. जुन्या पुस्तकावरून अर्ज भरू नका.

निवडायचं कसं?

मुखपृष्ठावर किंवा आतल्या पहिल्या पानावर ‘कादंबरी’, ‘कथासंग्रह’, ‘आत्मकथन’ असं बहुतेक वेळा छापलेलं असतं. तिथून दोन पानं वाचून बघा. अक्षर बारीक वाटलं किंवा भाषा जड गेली तर सरळ ठेवून द्या, दुसरं घ्या. पुस्तक अर्धं सोडलं म्हणून दंड नाही!

आणायची कुठून?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. शासनमान्य वाचनालयांना त्याखाली अनुदान मिळतं. आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात असं वाचनालय असेल तर तिथं जाऊन सभासद व्हा आणि हवी ती पुस्तकं मागा. वाचनालय म्हणजे फक्त पेपर वाचणाऱ्या पुरुषांची जागा नव्हे.

सातारा जिल्ह्यातलं भिलार २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथं गावातल्या घराघरांत विषयवार पुस्तकं ठेवली आहेत. आपल्यालाही वेगळी खोली नको. एका ताईच्या घरी गोष्टींची पुस्तकं, दुसरीच्या घरी माहितीची, एवढ्यानंही भागेल.

ज्यांना वाचता येत नाही त्या?

त्यांनी ऐकायचं, आणि बोलायचंही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी लिहून ठेवली, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक झालं. अक्षर येत नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, असं नसतं.

पुढच्या बैठकीत बचत आणि हप्त्यांचा हिशोब झाला की वीस मिनिटं राखून ठेवा. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. एका महिन्यात गोष्टीचं पुस्तक, दुसऱ्या महिन्यात माहितीचं. कोणतं पुस्तक कुणाकडे गेलं ते वहीत लिहा, जसं कर्जाचं लिहितो तसं. फरक इतकाच, की याला व्याज नाही.